‘स्थिर चलनातील वाढ’ : एका शब्दप्रयोगाची समीक्षा
(अंबरनाथची विमको आणि मुंबईच्या कंपन्यांचे परदेशी कारखाने यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

चलनाच्या अवमूल्यनाविषयी वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत एक सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : चलन स्वस्त झाले की निर्यात वाढते आणि कारखानदाराचा लाभ होतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थीही हेच सूत्र पाठ करून परीक्षेस बसतो. सूत्र खोटे नाही. परंतु त्यामागे एक अध्याहृत गृहीतक आहे. कारखाना, मालक व हिशेबाची वही ही तिन्ही एकाच देशात असून गिऱ्हाईक तेवढे परदेशात आहे, असे ते गृहीत धरते. कारखाना एका देशात, मालक दुसऱ्या देशात आणि गिऱ्हाईक कारखान्याच्याच दारात अशी रचना असेल, तर कारखान्याच्या देशाचे चलन दुबळे होणे ही मालकाच्या दृष्टीने आनंदाची वार्ता उरत नाही.

माल कोठे बनतो आणि त्यावर नाव कोणाचे लागते, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. ‘मेड इन यूएसए’ याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद सर्वपरिचित आहे. त्या विनोदाच्या उलट बाजूचे, म्हणजे परदेशी मालकाच्या स्थानिक कारखान्याचे, ठळक उदाहरणही येथेच, अंबरनाथला, अनेक दशके उभे होते.

गेल्या दोन दशकांत हे चित्र उलटे झाले. मुंबईत मुख्यालय असलेल्या अनेक कंपन्या आता स्वतःच ‘परदेशी मालक’ झाल्या आहेत. गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, इंडोनेशिया, अर्जेंटिना येथे, तर मॅरिकोने बांगलादेश, ईजिप्त, व्हिएतनाम येथे व्यवसाय उभे केले वा विकत घेतले. या देशांची चलने घसरू लागली, तसा कंपन्यांच्या अहवालांत एक शब्दप्रयोग रूढ होत गेला. तो म्हणजे ‘स्थिर चलनातील वाढ’. परदेशातील विक्री चालू वर्षाच्या दराने रुपयात न बदलता मागील वर्षाच्या दराने बदलायची आणि जी वाढ दिसेल ती सांगायची, असा त्याचा सरळ अर्थ. प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्दप्रयोग आहे. तो काय दाखवतो, काय झाकतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा येथे विचार केला आहे.

अंबरनाथचा कारखाना आणि स्वीडनची वही

वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली ‘विमको’, हे स्वीडिश मॅच या जगव्यापी समूहाचे अपत्य. १९२२ साली हिंदुस्थान सरकारने आयात काडेपेट्यांवर दर ग्रोसला १ रुपया ८ आणे इतका जबर कर बसविला. हा कर महसुलासाठी होता. परंतु त्याचा परिणाम संरक्षक जकातीसारखाच झाला. स्वीडनमध्ये बनवलेली पेटी मुंबईत आणून विकणे परवडेना, तेव्हा पेटी येथेच बनवावी हा निर्णय स्वीडिश समूहाने घेतला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अंबरनाथला कारखाना उभा राहिला. म्हणजे या कारखान्याचा जन्म स्वस्त मजुरीच्या शोधातून झाला नाही. येथील बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून तो झाला. हे येथे आवर्जून नोंदवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सगळे गणित या एका गोष्टीवर अवलंबून आहे. स्वस्त मजुरीसाठी परदेशात गेलेल्या कारखान्यास तेथील चलन घसरणे लाभाचे असते. स्थानिक बाजारासाठी गेलेल्या कारखान्यास ते तसे नसते.

विमकोची काडेपेटी येथेच बने आणि येथेच जळे. तिची किंमत पैशांत, मजुरी रुपयांत, आणि मालकाच्या घरचा हिशेब मात्र क्रोनामध्ये. अशा कारखान्याच्या दृष्टीने रुपयाची क्रोनामधील किंमत हाच कळीचा दर. तो पहिली काही दशके फारसा हलला नाही, हे विशेष. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले व रुपया पौंडाच्या मागोमाग गेला. २७ सप्टेंबरला स्वीडननेही तोच मार्ग धरला. समूहाचा सूत्रधार इव्हार क्र्युगर याने १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये आत्महत्या केली व त्याचे साम्राज्य कोसळले; त्या कोसळण्याची कारणे कर्जात व बनावट हिशेबात होती, रुपयात नव्हती. पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा रुपया व क्रोना ही दोन्ही चलने डॉलरच्या तुलनेत सारख्याच प्रमाणात, सुमारे साडेतीस टक्क्यांनी खाली आली. दोघेही एकाच पायरीने उतरल्यामुळे एकमेकांच्या नजरेत कोणीच उतरले नाही.

खरी फारकत झाली ६ जून १९६६ रोजी. त्या दिवशी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. क्रोना मात्र डॉलरला ५.१७ या ठरलेल्या दरावर स्थिर होता. १०० रुपयांचे त्यापूर्वी सुमारे १०९ क्रोना होत. त्यानंतर ६९ होऊ लागले. अंबरनाथच्या यंत्रांवर त्या सकाळी तेवढ्याच काड्या कापल्या गेल्या असतील, तेवढ्याच पेट्या भरल्या गेल्या असतील. तरीही स्वीडनच्या वहीत या कारखान्याचे उत्पन्न एका रात्रीत एक तृतीयांशाहून अधिक घटले.

या घटीस वाणिज्याच्या परिभाषेत ‘रूपांतरण तोटा’ म्हणतात, आणि ‘हा केवळ कागदावरचा तोटा आहे’ असे त्याचे समर्थन करण्याची प्रथा आहे. ती अर्धीच खरी आहे. रुपया रुपयातच राहिला, येथेच पुन्हा गुंतवला, तर तोटा कागदावरचा. परंतु लाभांश म्हणून तो स्वीडनला न्यायचा झाला की तोटा हाडामांसाचा होतो. उलट बाजूनेही तसेच. अंबरनाथचे एखादे जुने यंत्र बदलून स्वीडनहून नवे आणायचे असते, तर १९६६ च्या जूननंतर त्याच यंत्रासाठी पूर्वीच्या दीडपटीहून अधिक रुपये मोजावे लागले असते. काडेपेटी विकून मिळणारा रुपया तोच, यंत्राचा रुपया मात्र दीडपट. दुबळ्या चलनाच्या देशातील कारखाना असा हळूहळू जुना होत जातो आणि ही जीर्णता नफा-तोटा पत्रकाच्या कोणत्याही ओळीत दिसत नाही.

विमकोच्या पुढील वाटचालीत इतरही घटक होते. हाताने काडेपेट्या बनविणाऱ्या लहान उद्योगास, विशेषतः शिवकाशीच्या, अबकारी करात मिळत आलेली सवलत आणि परदेशी भागभांडवलावरील १९७३ च्या कायद्याची बंधने यांचा वाटा मोठा आहे. सगळा दोष विनिमय दराच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. मालकीचे प्रमाणही काळानुसार बदलत गेले. अखेर २००५ साली स्वीडिश मॅचने आपला हिस्सा आयटीसी समूहास विकला. त्या सुमारास १०० रुपयांचे जेमतेम १७ ते १८ क्रोना होत होते. मध्यंतरी नोव्हेंबर १९९२ मध्ये क्रोना स्वतःच घसरला होता म्हणून हा आकडा इतका तरी राहिला, ही गोष्ट वेगळी.

शब्दप्रयोगाची बाजू

स्वीडनच्या जागी आता विक्रोळी वा सांताक्रूझ ठेवावे आणि अंबरनाथच्या जागी लागोस. अडचण तीच आहे. नायजेरियातील व्यवस्थापकाने वर्षभर राबून विक्री वाढवावी आणि तेथील मध्यवर्ती बँकेच्या एका निर्णयाने ती वाढ रुपयात उणे दिसावी, हा त्या व्यवस्थापकावर अन्यायच होय. त्याच्या कामाचे मोजमाप करताना चलनाचा परिणाम बाजूला ठेवणे न्याय्य ठरते. दर वर्षाकाठी तीन-चार टक्के इकडे-तिकडे होत असतील, कधी वर तर कधी खाली, तर असे मोजमाप उपयुक्तही असते. या मर्यादेत ‘स्थिर चलनातील वाढ’ हा शब्दप्रयोग प्रामाणिक आहे, आणि जगभरच्या कंपन्यांनी तो सद्‌हेतूनेच स्वीकारला असे मानण्यास हरकत नाही.

मर्यादा ओलांडली जाते ती चलन सतत एकाच दिशेने आणि तेही महागाईसोबत घसरते तेव्हा. विनिमय दर व महागाई यांचे नाते उलगडून दाखवणारा, क्रयशक्ती-समानतेचा सिद्धान्त १९१८ साली मांडणारा अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल हाही स्वीडनचाच, हा एक योगायोग. त्याच्या मांडणीचे सार असे की, ज्या देशात किमती इतरांपेक्षा वेगाने वाढतात त्या देशाचे चलन दीर्घकाळात त्याच मानाने उतरते. म्हणजे महागाई आणि चलनाची घसरण या दोन स्वतंत्र आपत्ती नव्हेत. त्या एकाच घटनेच्या दोन बाजू होत. ‘स्थिर चलनातील वाढ’ यांपैकी एक बाजू हिशेबात घेते आणि दुसरी टाकून देते. या शब्दप्रयोगावरील मुख्य आक्षेप हाच आहे.

लागोसचे उदाहरण

हा आक्षेप आकड्यांतून पाहणे सोयीचे होईल. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायरावरील नियंत्रण सैल केले. त्यापूर्वी डॉलरला सुमारे ४६५ नायरा असा अधिकृत दर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो १,५०० च्या आसपास पोहोचला. रुपयात सांगायचे तर १,००० नायरांचे आधी सुमारे १७६ रुपये होत, ते ५५ वर आले. याच काळात त्या देशातील महागाईचा अधिकृत दर ३० टक्क्यांच्या पुढे गेला होता.

आता एका काल्पनिक कारखान्याचा हिशेब मांडून पाहू. पहिल्या वर्षी त्याने १,००० नायरांस एक याप्रमाणे १०० खोकी विकली. विक्री एक लाख नायरा, म्हणजे १७,६०० रुपये. दुसऱ्या वर्षी महागाईनुसार भाव १,३०० नायरा केला; काही गिऱ्हाइके तुटली आणि ९५ खोकी खपली. विक्री १,२३,५०० नायरा. जुन्या दराने याचे सुमारे २१,७०० रुपये होतात. अहवालात लिहिता येते : स्थिर चलनात साडेतेवीस टक्के वाढ. नव्या दराने मात्र हातात येतात सुमारे ६,८०० रुपये, म्हणजे एकसष्ट टक्के घट. एकाच कारखान्याचे हे दोन आकडे. यांतील खरा कोणता? पाहू गेल्यास दोन्हीही नव्हेत. खरी घटना एवढीच की शंभराऐवजी पंच्याण्णव खोकी खपली. धंदा पाच टक्क्यांनी आक्रसला. आक्रसलेल्या धंद्याला साडेतेवीस टक्क्यांची वाढ म्हणण्याची मुभा जो शब्दप्रयोग देतो, त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

लेखाशास्त्राला ही अडचण ठाऊक नाही असे नाही. तीन वर्षांत मिळून महागाई शंभर टक्क्यांच्या जवळ किंवा पुढे गेली की त्या देशातील व्यवसायाचे हिशेब किमतींच्या निर्देशांकानुसार फेरमांडावेत, असे अतिमहागाईविषयक मानक सांगते. अर्जेंटिनास जुलै २०१८ पासून हे मानक लागू झाले. त्यात महागाई आणि घसरण दोन्हींचा विचार एकत्र होतो. तथापि हा नियम लेखापरीक्षित ताळेबंदास लागू आहे. ‘स्थिर चलनातील वाढ’ येते ती वृत्तपत्रांस दिलेल्या निवेदनात आणि गुंतवणूकदारांपुढील सादरीकरणात, जेथे असे मानक नाही. शिवाय जे देश शंभर टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे घुटमळतात, त्यांच्याबाबत मानकाचाही आधार नाही.

ढाका आणि सुएझ

नायजेरियाचे उदाहरण टोकाचे आहे, असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून एक सौम्य उदाहरण पाहणे इष्ट. मॅरिको १९९९ पासून बांगलादेशात आहे. ढाक्याजवळ गाजीपूर जिल्ह्यात तिचे कारखाने आहेत आणि तेथील उपकंपनी २००९ पासून ढाका शेअर बाजारात नोंदलेली आहे. खोबरेल तेल हे तिचे मुख्य उत्पादन. त्यासाठीच्या कच्च्या मालाकरिता आयातीवर भिस्त. २०२२ च्या आरंभी डॉलरला ८६ टका असा दर होता. मे २०२४ मध्ये तो ११७ झाला.

अशा कारखान्यावर दुबळे चलन दोन वेगळ्या वाटांनी येते. एक वाट रूपांतरणाची, जी वर पाहिली. दुसरी वाट खर्चाची. आयात खोबरे टक्यात महागते, आणि तेल तर टक्यातच विकायचे असते. मग बाटलीची किंमत वाढवावी लागते. ती वाढली आणि खप टिकला, तर स्थिर चलनात ‘वाढ’ दिसते. पण ही वाढ म्हणजे वस्तुतः वाढलेल्या खर्चाची वसुली. ज्या घसरणीला अहवालाने दारातून बाहेर काढले, तीच घसरण वाढीचे सोंग घेऊन खिडकीतून आत येते.

येथे आणखी एक गुंता आहे. याच काळात रुपयाही डॉलरच्या तुलनेत घसरत होता : २०२२ च्या प्रारंभी ७४-७५, वर्षअखेर ८३ च्या जवळ. टका रुपयाच्या आरशात पाहिला तर त्याची घसरण प्रत्यक्षाहून कमी भासते, कारण आरसाच खाली सरकला आहे. १९४९ च्या सप्टेंबरात रुपया व क्रोना एकत्र उतरले तेव्हा असेच झाले होते. भारतीय भागधारकाचा संसार रुपयात चालतो, तेव्हा त्याने रुपयाचाच आरसा वापरावा हे ठीक. परंतु कंपनीने परदेशी उपकंपनी विकत घेण्यासाठी डॉलरमध्ये कर्ज काढले असेल, तर त्या कर्जाला हा आरसा मान्य नसतो. उत्पन्न नायरात वा टक्यात, हप्ता डॉलरमध्ये, आणि मधल्या मध्ये रुपयाचा आरसा दाखवून धीर द्यायचा, ही परिस्थिती फसवी आहे.

पाठ्यपुस्तकातील सूत्र ज्या कारखान्यास खरोखर लागू पडते, त्याचेही एक उदाहरण नवी मुंबईच्या गॅलेक्सी सर्फॅक्टंट्सच्या रूपाने सापडते. साबण, शाम्पू यांना लागणारी रसायने बनवणाऱ्या या कंपनीचा कारखाना ईजिप्तमध्ये सुएझजवळ मुक्त क्षेत्रात आहे. मुक्त क्षेत्रातील व्यवहार परकीय चलनात होतात आणि माल ईजिप्तबाहेरही जातो. ईजिप्तचा पौंड ३ नोव्हेंबर २०१६ रोजी मोकळा सोडला गेला, तेव्हा डॉलरचा दर सुमारे ८.८ पौंडांवरून काही आठवड्यांत १८ च्या आसपास गेला. ६ मार्च २०२४ रोजी तो ३१ वरून ५० च्या जवळ पोहोचला. डॉलरमध्ये कमावणाऱ्या आणि पौंडात पगार देणाऱ्या कारखान्यास ही घसरण म्हणजे मजुरीतील आयती सूट. मॅरिको हीही ईजिप्तमध्ये आहे, २००६ पासून. पण तिचा माल ईजिप्तच्या गिऱ्हाइकासाठी. देश तोच, चलन तेच, तारीखही तीच. परिणाम मात्र भिन्न. अर्थात सुएझच्या कारखान्यालाही सुटका पूर्ण नसते. त्याची रसायने घेणाऱ्या स्थानिक साबणवाल्याला बँकेतून डॉलर मिळेनासे झाले की त्याची मागणी थांबते. आणि ज्याला ‘मजुरीतील सूट’ म्हटले, ती कोणाच्या ताटातून आली, हेही नजरेआड करून चालणार नाही. अंबरनाथ वा बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतून निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या बाबतीत ‘रुपया घसरला, बरे झाले’ असे जे म्हटले जाते, त्यालाही हे विधान तंतोतंत लागू आहे.

बलाढ्य म्हणविणाऱ्या चलनांबाबतही फार वेगळे घडत नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि दुसऱ्या दिवशी पौंड कोसळला. जॅग्वार लँड रोव्हरच्या मोटारी ब्रिटनमध्ये बनून अमेरिका-चीनमध्ये विकल्या जातात. म्हणजे सूत्राप्रमाणे टाटा मोटर्सला लाभच व्हायला हवा. दीर्घ मुदतीत काही अंशी तो होणारही होता. परंतु तात्काळ चित्र वेगळे दिसले. आधीच करून ठेवलेल्या चलन-संरक्षणाच्या करारांवर तोटा आला, युरोपातून येणारे सुटे भाग महागले, आणि पौंडातील नफा रुपयात बदलताना आणखी घटला.

तोटा जातो कोठे?

‘स्थिर चलना’च्या निवेदनातून वगळलेला तोटा नाहीसा होत नाही, त्याला एक निश्चित पत्ता आहे. भारतीय लेखा मानक २१ प्रमाणे परदेशी उपकंपनीचे हिशेब रुपयात बदलताना येणारा फरक नफा-तोटा पत्रकात न जाता ‘विदेशी चलन रूपांतरण राखीव’ या खात्यात साठत जातो. उपकंपनी विकत घेताना तिच्या नावलौकिकापोटी जी जादा रक्कम मोजली, तीही त्याच परदेशी चलनातील मालमत्ता समजून दरवर्षी नव्या दराने बदलली जाते. नायरा एक तृतीयांश झाला की नायरातील नावलौकिकही रुपयात एक तृतीयांश होतो, आणि हे सर्व वर्षाच्या नफ्यास स्पर्शही न करता घडते. उपकंपनी विकली वा बंद केली, तरच वर्षानुवर्षे साठलेला हा फरक एका दिवसात नफा-तोटा पत्रकात उतरतो. तोवर भागधारकाला तो जाणवत नाही, कारण त्याला वाचून दाखवले जाते ते निवेदन वेगळे असते.

गोदरेज कन्झ्युमरचे मार्च २०२४ अखेरच्या तिमाहीचे निकाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. त्या तिमाहीत कंपनीस एकत्रित हिशेबात १,८९० कोटी रुपयांहून अधिक निव्वळ तोटा झाला. कारण रोजच्या धंद्यात नव्हते. ते मुख्यतः आफ्रिकेशी निगडित व्यवसायांचे पुस्तकी मूल्य खाली आणावे लागण्यात होते. चलनाची घसरण हे त्या मूल्यघटीचे एकमेव कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु आफ्रिकी व्यवसायाची वाटचाल ज्या भाषेत अनेक वर्षे सांगितली गेली, ती भाषा आणि या एका तिमाहीचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर दोहोंमधील अंतर अस्वस्थ करते. कंपनीने काही लपविले असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक आकडा नियमानुसार छापलेला आहे. प्रश्न छापलेल्या आकड्यांपैकी ठळक अक्षरांत कोणता छापला जातो, हा आहे.

त्याच सुमारास इतर परदेशी कंपन्यांनी नायजेरियाबाबत निराळा मार्ग धरला. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ऑगस्ट २०२३ मध्ये तेथून निघण्याचे जाहीर केले. प्रॉक्टर अँड गॅम्बलने डिसेंबर २०२३ मध्ये तेथील उत्पादन थांबवून केवळ आयात माल विकण्याचे ठरवले. डॉलरमध्ये हिशेब ठेवणाऱ्या कंपनीला अशा देशात मूल्य निर्माण करणे कठीण जाते, ही त्यामागची भूमिका होती. १९२२ च्या कराने स्वीडनला अंबरनाथमध्ये कारखाना काढण्यास भाग पाडले. २०२३ च्या नायराने कारखाना बंद करून पुन्हा आयातीकडे वळण्यास भाग पाडले. उलट दिशेचा हा प्रवास पाहता, ‘चलन दुबळे झाले की आयात घटते आणि स्थानिक उत्पादन वाढते’ हा सूत्राचा उत्तरार्धही डळमळीत होतो. निघून गेलेल्या कारखान्यातील कामगाराचा उल्लेख ‘स्थिर चलना’त नाही आणि चालू चलनातही नाही.

नगांचा हिशेब

या शब्दप्रयोगाला पर्याय नाही, असे समर्थक म्हणतात. पर्याय आहे आणि तो जुना आहे. १९३४ साली काडेपेट्यांवर अबकारी कर बसला, आणि तो पेट्यांच्या ग्रोसावर, म्हणजे १४४ पेट्यांच्या गणतीवर होता. सरकारला क्रोनाशी कर्तव्य नव्हते आणि रुपयाच्या भावाशीही फारसे नव्हते. किती पेट्या कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्या, एवढेच ते मोजत असे. अंबरनाथची काडेपेटी अशी नगांत मोजली जात होती म्हणून १९६६ च्या जूनमध्ये धंदा बुडाला की केवळ वही बदलली, हे सांगता येत होते. भारतातील व्यवसायाबाबत आजच्या कंपन्याही परिमाणातील वाढ, म्हणजे टनांतील वा नगांतील वाढ, अगत्याने सांगतात. परदेशी व्यवसायाच्या बाबतीत ती त्याच ठळकपणे, प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक वर्षी सापडेलच असे नाही. नगांतील वाढ, स्थानिक महागाई वजा करून उरणारी वाढ, आणि त्या देशातून प्रत्यक्ष मुंबईस आलेला लाभांश, ही तीन टिपणे एका ओळीत दिली तर ‘स्थिर चलना’ची गरजच उरत नाही. यांतील तिसरे विशेष महत्त्वाचे. नायजेरियात डॉलरच्या टंचाईमुळे परदेशी विमान कंपन्यांचे तिकिटांचे पैसेच अडकून पडले होते आणि २०२२ मध्ये एमिरेट्सने आपली उड्डाणे थांबवली होती. विक्री झाली, नफा झाला, पण पैसा देशाबाहेर पडत नाही, अशा नफ्याचा दर कोणत्या तारखेचा धरायचा, याला ‘स्थिर चलना’कडे उत्तर नाही.

हे तपशील मिळेपर्यंत सामान्य भागधारकाला, आणि प्रकल्पासाठी वार्षिक अहवाल चाळणाऱ्या विद्यार्थ्यालाही, एक मार्ग खुला आहे. अध्यक्षांचे निवेदन व रंगीत आलेख ओलांडून एकत्रित वित्तीय पत्रकांत जावे. तेथे भागधारक निधीतील बदलांचे विवरणपत्र असते. त्यातील ‘विदेशी चलन रूपांतरण राखीव’ या स्तंभाची गेल्या आठ-दहा वर्षांची अखेरची शिल्लक एका कागदावर ओळीने उतरून काढावी, आणि शेजारी त्या-त्या वर्षी जाहीर केलेली ‘स्थिर चलनातील वाढ’ लिहावी.